इर्साचा गळा, कोल्फिन्नाचं कोपर

कोल्फिन्नाने आमच्या गोलकीपरचं हाड मोडलं, तेव्हा आमच्या राखीव बाकावर फक्त एक कॉफीचा थर्मास बसला होता.

खोटं नाही सांगत. एक थर्मास आणि त्याच्या शेजारी कुणाचा तरी एकटा हातमोजा. बाकीच्या मुली डोंगरावर होत्या, घोड्यांवर बसून मेंढ्या हाकत. उन्हाळाभर मोकाट चरून माजलेल्या मेंढ्या सप्टेंबरात खाली आणतात, आणि नेमका तोच शनिवार आमच्या क्लबच्या अध्यक्षाने या सामन्यासाठी कबूल केला. मूळ तारखेला वादळ झालं होतं. फोन आला, शनिवारी जमेल का? हा म्हणाला, जमेल की! माणूस राजधानीतला, त्याला मेंढी फक्त ताटातली माहीत. आमच्या स्कार्फाविकमधलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की मेंढ्यांच्या शनिवारी इथे कुणी लग्न करत नाही आणि शक्यतो मरतही नाही. शेजारच्या काल्देरीवाल्यांचं, म्हणजे समोरच्या संघाचं बरं, त्यांच्याकडे मेंढ्या नाहीत, नुसता कत्तलखाना आहे. त्यांचं काम सोमवारी सुरू होतं.

तर आम्ही होतो कशाबशा तेरा जणी. त्यातल्या दोन राखीव मध्यंतराआधीच आत आल्या होत्या, कारण एकीचा घोटा गेला होता आणि दुसरीच्या डोक्याला असा फटका बसला होता की ती आपल्याच गोलकडे धावत सुटली होती.

आणि आता उना, आमची गोलकीपर. काल्देरीला कॉर्नर मिळाला होता. सगळ्या एकदम उडाल्या. त्यांच्या कोल्फिन्नाचा गुडघा सरळ उनाच्या मानेखालच्या हाडावर आला आणि वाळलेला मासा मोडावा तसा कट्‌कन आवाज झाला. उना चिखलात पडून किंचाळत होती आणि तिचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा वीतभर खाली लोंबत होता.

"मी चेंडूवर गेले होते," कोल्फिन्ना पंचाला म्हणाली.

"चेंडू तिकडे होता, म्हशे!" मी ओरडले.

"हे कोण बोललं? दूध पिऊन आलीस का गं?"

"तुझं नाक—"

मागून कुणीतरी माझ्या तोंडावर पंजा दाबला. इर्सा. "एक कार्ड आहे तुझ्यावर, साल्का. गप."

कार्ड होतं, आणि ते मी मेहनतीने कमावलं होतं. पहिल्या अर्ध्यात कोल्फिन्नाने माझा पुढचा अर्धा दात पाडला होता. मग मी तिच्या पोटरीवर बुटाचे सगळे खिळे उमटवले. ती कत्तलखान्यात अख्खी धडं खांद्यावर टाकून चालते, मी दहावीत आहे. तरीही लंगडली! आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, अरे, मी पण काहीतरी आहे.

मैदानाभोवती गाड्या लावून बसलेले लोक हॉर्न वाजवत सुटले होते. वाऱ्यामुळे आमच्याकडे सामना गाडीतूनच बघतात. आनंद झाला तरी हॉर्न, संताप झाला तरी हॉर्न. हा संतापाचा होता.

एक-एक अशी बरोबरी होती आणि आम्हाला बरोबरीच पुरणार होती. हरलो असतो तर खालच्या विभागात गेलो असतो, आणि नगरपालिकेने आधीच सांगून ठेवलं होतं की मग दोन गावांना दोन संघ परवडत नाहीत, स्कार्फाविक आणि काल्देरीचा एकच संघ होईल. म्हणजे मी आणि कोल्फिन्ना, एकाच रंगाच्या शर्टात! त्यापेक्षा मी बुद्धिबळ खेळेन.

पण मला खरी भीती त्याची नव्हती. मला भीती इर्साच्या गळ्याची होती.

इर्सा माझी मावशी. मावशी म्हटलेलं तिला चालत नाही, आमच्याकडे पाद्रीबाईलासुद्धा नावानेच हाक मारतात. ती आमची कर्णधार, आघाडीची खेळाडू आणि गावाचा गळा. खलाशांच्या सणाच्या रविवारी समुद्रात बुडालेल्यांच्या स्मृतिदगडापाशी तीच गाते, लग्नात तीच, आणि शवपेटी खाली सोडतात तेव्हाही तीच. तिचा बँड आहे, त्यातला ढोलवाला बर्फ काढायचा ट्रक चालवतो. देशाच्या संघाकडून ती पहिल्यांदा खेळली तेव्हा राष्ट्रगीतही तिनेच म्हटलं. आमचं राष्ट्रगीत म्हणजे कड्यावर चढण्यासारखं, भले भले अर्ध्यात खाली येतात. ही वरच्या टोकापर्यंत गेली, मायक्रोफोन पंचाच्या हातात दिला आणि पहिल्याच चेंडूवर समोरच्या मुलीला आडवी करून पिवळं कार्ड घेतलं. वर्तमानपत्राने लिहिलं, 'देवदूताचा आवाज, बैलाचे पाय.' आईने ते कात्रण फ्रिजवर लावलंय.

लोक विचारतात, गाणं धर नाहीतर चेंडू धर, दोन्ही कशाला? इर्सा म्हणते, "मार खाल्ल्याशिवाय माझ्या आवाजाला चवच येत नाही."

या मे महिन्यात तिने जरा जास्तच खाल्ला. काल्देरीच्याच मैदानावर, कॉर्नरला, कोल्फिन्नाचं कोपर तिच्या गळ्यावर बसलं. आतली कूर्चा चिरली. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं तेव्हा खोलीत मी होते, कारण आई बोटीवर होती. डॉक्टर म्हणाली, "भरतंय. पण इथे पुन्हा फटका बसला तर गाणं विसर. कदाचित बोलणंही."

परत येताना घाटात इर्साने गाडी थांबवली.

"हे घरी सांगितलंस तर तुला मासे वाळवायच्या दांडीवर उलटी टांगीन."

"ऑक्टोबरात तुझा कार्यक्रम आहे. राजधानीत. त्या मोठ्या सभागृहात!"

"माहितेय."

"मग खेळू नकोस ना!"

"साल्का, मी तिथे उभी राहून काय गाणार? 'मी घाबरून घरी बसले' हे गाणं?"

त्यानंतर मी मनाशी पक्कं केलं की तिच्या गळ्याची राखण मी करायची. कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक कॉर्नरला मी इर्सा आणि जी कुणी कोपरवाली असेल तिच्या मध्ये घुसायचे. उन्हाळाभर माझ्या बरगड्या निळ्या होत्या. शाळेत पोहण्याच्या तासाला मुली विचारायच्या, घरी सगळं ठीक आहे ना?

आता उनाला बाहेर नेलं आणि आमची प्रशिक्षक गुन्वर मैदानाच्या कडेला येऊन ओरडली, "गोलमध्ये कोण?"

सगळ्या आपापल्या बुटांकडे बघू लागल्या.

"मी," इर्सा म्हणाली आणि उनाचे हातमोजे उचलले.

तसं बरोबरच होतं. हिवाळ्यात इर्सा हँडबॉल खेळते, त्यातली गोलकीपर आहे. पण मी त्या हातमोज्यांचं दुसरं टोक धरलं.

"तू नको," मी म्हणाले.

"का गं?" गुन्वरने विचारलं.

इर्साने माझ्याकडे असं पाहिलं की मला ती दांडी डोळ्यांसमोर दिसली. "काही नाही," मी म्हणाले.

"तिला भीती वाटते मी तिच्यापेक्षा चांगली खेळेन," इर्सा म्हणाली आणि उनाचा रक्त लागलेला पिवळा शर्ट डोक्यातून घातला. कॉलर गळ्यापाशी घट्ट बसली. तिने ती दोन्ही हातांनी फाडली.

शेवटची मिनिटं म्हणजे फुटबॉल नव्हताच, खाटिकखाना होता. वारा समुद्रावरून आडवा मारत होता, पावसाचे थेंब खड्यांसारखे लागत होते. आमच्या रग्नाच्या भुवईतून रक्त वाहत होतं आणि ती ते बाहीने पुसून तीच बाही समोरचीच्या तोंडावर घासत होती. कुणीतरी माझ्या बोटांवर उभं राहिलं, मुद्दाम, वळून. मी तिच्या मांडीला चावले. खोटं कशाला बोलू, चावले. पंचाला दिसलं नाही.

"दात अर्धाच आहे ना तुझा?" ती किंचाळली.

"म्हणूनच अर्धीच चावले!"

मग कॉर्नर. त्यांचा. कोल्फिन्ना अख्खं मैदान ओलांडून सावकाश चालत आली आणि इर्साच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"गळा कसा आहे?" तिने विचारलं.

"गाऊन दाखवू?" इर्सा म्हणाली.

"दाखव. शेवटचं."

मी ऐकलं. मी हातभर अंतरावर होते. चेंडू उडाला, वाऱ्याने उचलला आणि गोलकडे वळवला. इर्सा दोन्ही हात वर करून उडाली. तिची मान लांब, पांढरी, उघडी. आणि कोल्फिन्नाचं कोपर मागे गेलं. मागे गेलं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. मे महिन्यात ते असंच मागे गेलं होतं.

शाळेत आम्हाला ग्लिमा शिकवतात, आमची जुनी कुस्ती. ताठ उभं राहायचं, समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायचं, आणि टाचेत टाच अडकवून उलटवायचं. मी वर्गात नेहमी शेवटची. पण त्या क्षणी माझी टाच आपोआप गेली. कोल्फिन्नाच्या चड्डीचा पट्टा हातात आला, मी फिरले, आणि ते अख्खं धूड हवेत आडवं होऊन पाठीवर आदळलं. जमीन हादरली. तिची जीभ दातांखाली आली, तोंडातून रक्ताची चूळ निघाली. इर्साने चेंडू झेलला होता. सुखरूप! गळाबिळा सगळं सुखरूप!

मी दोन्ही मुठी वर केल्या.

शिट्टी वाजली. पंच धावत आला आणि त्याने बोट गोलसमोरच्या पांढऱ्या ठिपक्याकडे केलं. पेनल्टी. मला दुसरं पिवळं, मग लाल.

"ती तिचा गळा फोडणार होती!" मी ओरडले.

"होती," पंच म्हणाला. "तू तिचं तोंड फोडलंस. बाहेर हो."

गाड्यांचे हॉर्न एकदम थांबले. चालता चालता मी इर्साकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती रेषेवर हातमोजे घट्ट करत होती.

पेनल्टी कोल्फिन्नाच मारणार होती. तिने रक्त थुंकलं, चेंडू ठेवला, पुन्हा थुंकलं, आणि धावली.

इथे एक गोष्ट समजून घ्या. फुटबॉलचा गोलकीपर पेनल्टीला डावीकडे नाहीतर उजवीकडे झेपावतो. सगळे झेपावतात. म्हणून ज्याच्या पायात ताकद आहे तो सरळ मध्ये हाणतो. पण हँडबॉलचा गोलकीपर झेपावत नाही. तो पुढे पाऊल टाकतो, हात-पाय चांदणीसारखे फाकवतो आणि अंगावर घेतो. इर्सा सगळा जन्म दर हिवाळ्यात तेच करत आली होती.

ती उभी राहिली. हात पसरून, पाय पसरून, हनुवटी वर करून. आणि कोल्फिन्नाचा चेंडू सरळ मध्ये आला.

आवाज ओल्या फडक्याने ओट्यावर मारल्यासारखा झाला. चेंडू तिच्या गळ्यावर आदळून परत आला. रग्ना कुठूनशी धावत आली आणि तिने तो असा लाथाडला की गाड्यांवरून, रस्त्यावरून, थेट बंदरात गेला. पंचाने शेवटची शिट्टी वाजवली. एक-एक. आम्ही वरच्या विभागात राहिलो होतो. हॉर्न पिसाळले.

इर्सा गुडघ्यांवर होती. दोन्ही हात गळ्याशी. तोंड उघडं, आणि आत काहीच जात नव्हतं. तिचा चेहरा लाल, मग जांभळा, मग राखेसारखा झाला आणि ती बाजूला कोसळली.

सगळ्यात आधी तिच्यापाशी पोचली कोल्फिन्ना. तिने तिला पाठीवर उलटवलं आणि तिच्या जबड्याखाली दोन्ही हात घातले.

मी काय बघितलं? मी बघितलं की ही राक्षसीण पडलेल्या इर्साचा गळा धरून बसली आहे. मी धावले. मला हाकललेलं होतं, कुणाला पर्वा! मी धावत जाऊन कोल्फिन्नाच्या कानशिलात मूठ हाणली. मग डोळ्यावर. मग नाकावर, आणि नाक फुटलं. "सोड तिला! सोड!" ती हलली नाही. मी तिचे केस धरून मान मागे ओढली, पाठीत गुडघा घातला. तिचं रक्त थेंब थेंब इर्साच्या पिवळ्या शर्टावर पडत होतं.

"मार," ती म्हणाली, फुटक्या जिभेने, शांतपणे. "पण माझ्या हातांना धक्का लावू नकोस. हात हलले तर ही मरेल."

तेव्हा मला शिट्टीसारखा एक बारीक आवाज ऐकू आला. इर्साच्या तोंडातून. हवा जात होती. कोल्फिन्नाने जबडा वर उचलून धरला होता आणि त्या फटीतून हवा जात होती.

कोल्फिन्ना काल्देरीच्या बचाव पथकात आहे. बर्फात अडकलेल्या गाड्या, बुडणाऱ्या बोटी. ते मला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. फक्त मुठीला माहीत नव्हतं.

"डोकं धर तिचं," ती म्हणाली. "दोन्ही बाजूंनी. हलू देऊ नकोस. आणि रडू नकोस, माशाच्या मुंडक्या, तुझं नाक तिच्या तोंडावर गळतंय."

मी डोकं धरलं. रुग्णवाहिका येईपर्यंत आम्ही दोघी तशाच चिखलात बसलो होतो, ती जबडा धरून, मी डोकं धरून.

घाटापलीकडच्या इस्पितळात इर्साच्या गळ्यात नळी घातली, मग काढली. मग डॉक्टर म्हणाली की आता सहा आठवडे आवाज नाही. कुजबुजसुद्धा नाही. राजधानीतला कार्यक्रम रद्द झाला. मला पुढच्या हंगामासाठी इतकी मोठी बंदी आली की फोनवर ती ऐकताना अध्यक्षाला खुर्ची घ्यावी लागली.

इर्सा घरी आली त्या आठवड्यात कोल्फिन्ना आमच्या दारात उभी राहिली. खांद्यावर अर्धं कोकरू, प्लास्टिकात गुंडाळलेलं. दोन्ही डोळे काळेनिळे. माझं काम.

आईने तिला आत घेतलं. आम्ही जेवतच होतो, मासा, लोणी आणि उकडलेले बटाटे. कोल्फिन्ना बसली नाही.

"मे महिन्यात मी मुद्दाम मारलं होतं," ती इर्साला म्हणाली. "त्या शनिवारी कॉर्नरलाही मारणार होते. पेनल्टी मात्र मुद्दाम नाही. मला वाटलं तू झेपावशील. सगळे झेपावतात. कोण उभं राहतं गं असं?"

इर्साला बोलायची बंदी होती. मग तिने एक बटाटा उचलला आणि पूर्ण ताकदीने फेकला. तो कोल्फिन्नाच्या कपाळावर फुटला. गरम होता.

"ठीक," कोल्फिन्ना कपाळ पुसत म्हणाली. "अजून आहेत का?"

इर्साने अख्खं भांडं संपवलं. आई म्हणाली, भिंत कोण पुसणार? कोल्फिन्नाने पुसली.

हिवाळा सुरू झाला तशी ती सहा आठवड्यांची मुदत संपली. शाळा सुटल्यावर मी आणि इर्सा तरणतलावावर गेलो, बाहेरच्या गरम कुंडात. गावातल्या सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी तिथेच होतात. गुन्वर होती, पाद्रीबाई होती, ढोलवाला होता. सगळ्यांना माहीत होतं आज काय आहे, आणि सगळे हवामानाबद्दल बोलत होते.

इर्साने तोंड उघडलं. खलाशांच्या दगडापाशी गाते ते गाणं. पहिली ओळ आली, खरवडलेली, जाड, पण आली. ढोलवाल्याने श्वास सोडला. मग गाणं वर चढतं, आणि तिथे काहीच नव्हतं. नुसती हवा. तिने पुन्हा सुरू केलं. पुन्हा त्याच जागी हवा. तिसऱ्यांदा तर हवासुद्धा नीट आली नाही.

तिने पाण्यावर मूठ मारली. मग दुसरी. मारतच सुटली, दोन्ही मुठींनी, कठड्यावर, दगडावर, बोटांची सालं निघेपर्यंत. पाणी लोकांच्या डोळ्यांत उडत होतं. पाद्रीबाई उठली, ढोलवाला उठला, गुन्वरने माझ्याकडे बघितलं आणि तीही गेली. बर्फाळ फरशीवरून सगळे अनवाणी आत पळाले. मी राहिले.

ती माझ्याकडे वळली आणि माझ्या दंडावर इतक्या जोरात गुद्दा मारला की हात बधिर झाला.

"तुला कुणी सांगितलं होतं तिला पाडायला?" तो आवाज! जणू कुणी तळघरातून बोलत होतं. "ते कोपर मला लागलं असतं तर फाउल आपल्याला मिळाला असता. पेनल्टी झालीच नसती."

"तेव्हाही गळाच गेला असता."

"कदाचित. कदाचित नसता गेला."

"मग कदाचितवर मी उभी राहून बघत बसू?" माझाही आवाज चढला. "पुन्हा आली तर पुन्हा पाडेन. तू कितीही मार. माझे दंड दोन आहेत."

तिने मूठ पुन्हा उचलली. मी दुसरा दंड पुढे केला. तिच्या बोटांतून रक्त पाण्यात उतरत होतं, धाग्यासारखं. तिने त्या दंडाकडे बघितलं आणि मूठ पाण्यात सोडली.

"फार बोलायला लागलीस तू," ती म्हणाली.

मग ती मागे टेकली, डोळे मिटले आणि तेच गाणं खालून सुरू केलं. चढाव आला, तुटलं. तिने शिवी दिली आणि आणखी खालून सुरू केलं. पुन्हा तुटलं. तिने घसा खाकरला, पाण्यात थुंकली, आणि आणखी खाली गेली, जिथून आमच्या गावात फक्त म्हातारे खलाशी गातात. तिथून ती चढली, हळू, एकेक दगड चाचपत चढावं तशी. चढाव आला. आवाज फाटला, चरचरला, आणि उभा राहिला.